पिठाचा कोंबडा : प्रस्तावना

पुढच्या पानांत यशोधर राजाची गोष्ट आजच्या मराठीत सांगितली आहे. एका राजाने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला आणि त्यापायी त्याला जन्मामागून जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले, एवढंच तिचं सार. ही गोष्ट हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली गेली आहे. आठव्या शतकात ती हरिभद्राच्या प्राकृत ‘समराइच्चकहा’त येते. सोमदेवसूरीने ९५९ साली ‘यशस्तिलक’ पूर्ण केलं, तेव्हा या कथेला संस्कृत चंपूचं मोठं रूप मिळालं. पुढे वादिराजाने ती संस्कृतात बांधली, जन्नाने १२०९ साली कन्नडमध्ये आणली आणि मेघराजाने ‘जसोधर रास’ रचून मराठीत. गुजरात-राजस्थानकडच्या चित्रकारांनी तिच्या पोथ्या रंगवल्या. एवढ्या भाषांतून आणि एवढ्या हातांतून फिरलेल्या गोष्टीला पुन्हा प्रस्तावना कशाला, असं कुणी म्हणेल. पण आजचा मराठी वाचक या गोष्टीपाशी कर्म आणि पुनर्जन्म या दोन शब्दांचं बरंच ओझं घेऊन येतो. ते आधी थोडं उतरवून ठेवावं लागतं.

आम्ही मुख्य आधार धरला आहे तो पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’चा. पुष्पदंत दहाव्या शतकातला अपभ्रंश कवी. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत भरत मंत्री आणि पुढे त्याचा मुलगा नन्न यांच्या आश्रयाने त्याने लिहिलं. त्याचं ‘महापुराण’ ९६५ साली पुरं झालं. ‘जसहरचरिउ’ हे त्यानंतरचं, चार संधींचं आटोपशीर काव्य. हे काव्य पहिल्यांदा छापलं गेलं ते कारंजा (लाड) इथून, १९३१ साली. संपादक होते डॉ. प. ल. वैद्य, आणि अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेचा तो पहिला ग्रंथ होता. कारंजा तेव्हा वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात होतं; १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि ते त्यात आलं.

हे काव्य कारंज्यातून छापलं जावं यात योगायोग कमीच. गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत : बलात्कारगणाचं, सेनगणाचं आणि काष्ठासंघाचं. भट्टारकांची गादी इथे होती आणि तिच्या आधाराने ग्रंथभांडारं वाढली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि कारंज्याच्या कपाटांत काय दडलं आहे ते विद्वानांना कळलं. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन कामाला लागले. ‘सावयधम्मदोहा’ १९३२ साली, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘पाहुडदोहा’ १९३३ साली, ‘करकंडचरिउ’ १९३४ साली. चार वर्षांत एका वऱ्हाडी बाजारगावाने अपभ्रंश साहित्याचा नकाशा बदलला. या पोथ्या ज्यांनी जपल्या त्यांच्या लेखी त्या अभ्यासाच्या वस्तू नव्हत्या. चातुर्मासात वाचायच्या, ऐकायच्या आणि त्याप्रमाणे जेवणाच्या ताटात फरक करायच्या गोष्टी होत्या.

आता गोष्ट. यौधेय देशात राजपूर नगरी, राजा मारिदत्त. भैरवानंद नावाच्या कापालिकाच्या नादी लागून तो चंडमारी देवीपुढे प्रत्येक जातीच्या प्राण्याची एकेक जोडी बळी द्यायला निघतो. जनावरं, पाखरं बांधून आणली जातात. माणसांची जोडी तेवढी उरते. शिपाई नगराबाहेरून दोन कोवळ्या वयाच्या साधकांना पकडून आणतात, भाऊ अभयरुची आणि बहीण अभयमती. त्यांचे शांत चेहरे पाहून राजाचा हात थबकतो. तुम्ही कोण, असं तो विचारतो. अभयरुची जे उत्तर देतो, तेच हे काव्य.

तो सांगतो : मी पूर्वी उज्जैनीचा राजा यशोधर होतो. राणी अमृतमती रात्री माझ्या शेजेवरून उठून एका कुबड्या माहुताकडे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला संसाराचा वीट आला. आई चंद्रमतीला खरं सांगवेना, म्हणून वाईट स्वप्न पडल्याची बतावणी केली आणि संन्यास घेतो म्हणालो. आई म्हणाली, स्वप्नाची शांती कर, देवीला प्राण्यांचा बळी दे. मी नकार दिला. ती हट्टाला पेटली. शेवटी दोघांनी मधला मार्ग काढला : कोंबडा पिठाचा करायचा. तो इतका हुबेहूब झाला की आता आरवेल असं वाटावं. मी तलवारीने त्याची मान उडवली, आणि आम्ही मायलेकांनी तो प्रसाद म्हणून खाल्ला. राणीने पुढे आम्हा दोघांना विष घातलं.

इथून जन्मांची माळ सुरू होते. यशोधर मोर होतो, आई कुत्रा. दोघेही भेट म्हणून त्यांच्याच घरी, यशोधराचा मुलगा यशोमती याच्या राजवाड्यात येतात. कुत्रा मोराला मारतो, म्हणजे आई मुलाला. पुढे साप आणि त्याचा वैरी. पुढे सिप्रा नदीत मासा आणि सुसर. पुढे शेळी आणि बोकड. निरनिराळ्या कवींत हा क्रम थोडाफार बदलतो. एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. वडिलांना सद्गती मिळावी म्हणून यशोमती श्राद्ध घालतो, आणि त्या श्राद्धाच्या जेवणासाठी ज्याला मारतात तो प्राणी म्हणजे ते वडीलच असतात. अखेर दोघे कोंबडा आणि कोंबडी होतात. रानात एका मुनीचं बोलणं कानावर पडून त्यांना मागचे जन्म आठवतात, आणि आनंदाने ते आरवतात. नेमक्या त्या आवाजाच्या रोखाने यशोमती बाण सोडतो, राणीला आपला शब्दवेध दाखवायला. एका बाणात दोघंही मरतात आणि त्याच राणीच्या पोटी जुळी म्हणून जन्मतात. तिला डोहाळे लागतात ते मांस नको, कुणाला मारू नका, असे. ती जुळी म्हणजे मारिदत्तापुढे उभी असलेली ही भावंडं.

या गोष्टीतलं न्यायाचं गणित प्रथमदर्शनी अजब वाटतं. यशोधराने एकही जीव मारलेला नाही. आईचा हट्ट आणि आपला नेम यांतून त्याने काढलेली वाट तर आपल्याला शहाणपणाचीच वाटेल. अष्टमीच्या होमात कोहळा कापणं किंवा देवीपुढे नारळ वाढवणं, याकडे आपण सुधारणा म्हणून पाहतो. मग पिठाच्या कोंबड्याला एवढी शिक्षा का?

उत्तर सोमदेवाने दिलं आहे. त्याच्या ग्रंथात यशोधर तलवार उगारताना नुसता गप्प राहत नाही. सगळे प्राणी मारून जे फळ मिळेल ते देवी, मला या एका कोंबड्यात मिळो, अशा अर्थाचं तो बोलतो. म्हणजे हिंसेचा नफा त्याला पुरेपूर हवा आहे. रक्ताचा डाग तेवढा नको. जैन आचार्यांनी द्रव्यहिंसा (प्रत्यक्ष जीव घेणं) आणि भावहिंसा (मनातला हिंसेचा भाव) असे दोन भेद केले ते यासाठी. उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना जीव जाण्याच्या आधी करणाऱ्याचा प्रमाद मांडला आहे. त्याच ग्रंथात आणखी एक बारीक गोष्ट आहे. कोणत्या वागण्याने कोणती गती मिळते हे सांगताना उमास्वाती अतिआरंभाला आणि अतिपरिग्रहाला नरक देतो, आणि जनावराच्या जन्माचं कारण म्हणून मायेचं, म्हणजे कपटाचं नाव घेतो. यशोधराच्या वाट्याला मुख्यतः पशुजन्म आले ते या दृष्टीने वाचून पाहावं. स्वप्नाची थाप मारून त्याने आईला फसवलं, पीठ पुढे करून देवीला, आणि मी मारत नाही असं समजून स्वतःला. कोंबड्याच्या मानेपेक्षा या तिसऱ्या फसवणुकीकडे कवीचं लक्ष जास्त आहे, असं आमचं वाचन आहे.

नारळ वाढवणाऱ्या घराला यातून भिण्याचं कारण नाही. जिथे बोकडाची आठवणही पुसली गेली आहे, तिथे बोकडाचा संकल्प उरत नाही. गोष्ट बोट ठेवते ते अशावर, जो आतून बदलला नाही आणि बाहेरून मात्र बदलल्याचं दाखवतो.

वाशिमच्या मातीत पशुजन्माची दुसरी एक कल्पनाही रुजलेली आहे, आणि ती यशोधरापेक्षा जुनी. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. या शाखेचा हरिषेण राजा पाचव्या शतकात राज्य करत असताना त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं दान दिलं. सतरावं हरिषेणाच्या एका मांडलिकाने. सतराव्या लेण्याच्या भिंतीवर बोधिसत्त्व सहा सुळ्यांचा हत्ती आहे, आपल्या पाठीचा पूल करणारा वानर आहे, आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती आहे. जातककथांमध्ये जनावराचा जन्म ही शिक्षा भोगण्याची कोठडी राहत नाही. त्या देहातही करुणा करता येते, आणि बहुधा माणसापेक्षा चांगली. जैन परंपरेतही ही बाजू आहे. पूर्वजन्मी सिंह असताना महावीरांच्या जीवाने मुनींचा उपदेश ऐकून व्रत घेतलं. तीर्थंकरांच्या समवसरणात पशूंना त्यांची जागा असते. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला ज्यांचं देऊळ आहे त्या पार्श्वनाथांच्या कथेत तर जळत्या ओंडक्यातली नागाची जोडी येते. यशोधराच्या कथेतही जातिस्मरण होतं ते कोंबड्याला. बाण मारणाऱ्या राजाला त्या क्षणी काहीच आठवत नाही.

आणि कारंज्याची दुसरी ओळख, जी बहुतेक मराठी घरांत पहिली आहे : श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त कर्मविपाकाचा विस्तार आहे तो सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या अध्यायांत. गाणगापुरी श्रीगुरू एका पतिताला जमिनीवर ओढलेल्या सात रेघा ओलांडायला लावतात. एकेका रेघेला त्याला एकेक जन्म आठवतो, आणि सातव्या रेघेपलीकडे तो विद्वान ब्राह्मण होऊन वादाला आलेल्यांना गप्प करतो. मग कोणत्या पापाने कोणती योनी मिळते याची लांबलचक यादी येते. शेवटी त्याच्या अंगावरचं भस्म धुतलं जातं, ज्ञान जातं आणि तो आपल्या जातीत, आपल्या घरी परत जातो. तेहेतिसाव्या अध्यायात उलट दिशेची गोष्ट आहे : एका वारांगनेच्या घरचे माकड आणि कोंबडा गळ्यात रुद्राक्ष असताना जळून मरतात, आणि काश्मीरच्या राजाचा आणि मंत्र्याचा मुलगा होऊन जन्मतात.

या दोन कोंबड्यांतला फरक थोडा नाही. यशोधराच्या कथेत योनी बदलते ती मनातल्या हेतूने. रुद्राक्षाच्या कथेत ती गळ्यातल्या मण्याने, कोंबड्याला ठाऊकही नसताना. पण त्याहून महत्त्वाची आहे ती सात रेघांची गोष्ट. एकाच माणसात पतित आणि पंडित दोघेही आहेत हे दाखवण्याचं बळ तिच्यात होतं. शेवटी मात्र तीच गोष्ट त्याला त्याच्या जागी नेऊन बसवते, कारण ती जागा त्याने मागे केलेल्या पापाने मिळवली आहे, असं यादी सांगते.

कर्मसिद्धान्तावरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे, आणि तो सर्वांत स्पष्ट मांडणाऱ्याचा या विदर्भाशी जवळचा संबंध आहे. डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५६मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्माच्या कर्माची कल्पना नाकारली. गरिबाच्या आणि दुबळ्याच्या हालांना त्याचं पूर्वकर्म जबाबदार धरलं की समाज आणि राज्य दोघंही मोकळे होतात, असा त्यांचा मुद्दा होता. माणसांबद्दल जे खरं, ते जनावरांबद्दल अधिक खरं. बैलाने चाबूक खाल्ला तर त्याचं कर्म, शेळी कापली गेली तर तिचं प्राक्तन, असं म्हणणाऱ्याला दयेची गरज पडत नाही.

हा आक्षेप मान्य करूनच आम्ही ही गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. तिची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. अभयरुची सगळं प्रथमपुरुषात बोलतो. मी मोर होतो, मी मासा होतो, मला कापलं, मला रांधलं. समोरच्या बांधलेल्या जनावरांकडे बोट दाखवून हा कोण होता, तो कोण होता, असं तो सांगत बसत नाही. मारिदत्तालाही ते कळण्याची गरज पडत नाही. कर्माची भाषा ‘मी’च्या तोंडी असते तोवर ती नीती शिकवते : माझ्या या कृत्याने मी काय होईन? तीच भाषा ‘तो’वर आली, हा असा का जन्मला असं विचारू लागली, की ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसते आणि पीडितालाच शिक्षा सुनावते. पुनर्जन्म खरा मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही हा फरक उपयोगी पडावा. न मानणाऱ्याने यशोधराचे जन्म कल्पनेचा व्यायाम समजून वाचावेत. सुरीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःला ठेवून पाहण्याची इतकी कसून बांधलेली संधी आपल्या साहित्यात फार थोडी आहे.

वाशिम जिल्ह्यात ही गोष्ट वाचताना आजचे प्रश्न आपोआप समोर येतात. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत नवसाचे बोकड येत आले आहेत, आणि हा बळी थांबावा असं सांगणारेही उभे राहिले आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी जत्रांतल्या पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं केली आणि मुक्या जनावरांना अभय देणं हा आपल्या संदेशाचा भाग केला. त्यासाठी त्यांनी पुढच्या जन्माची भीती घालण्यापेक्षा समोरच्याची अक्कल आणि माया जागी करणं पसंत केलं. कायदा याबाबत सावध आहे : १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २८ने धर्माने आवश्यक ठरवलेल्या पद्धतीच्या हत्येला गुन्ह्यातून वगळलं आहे. जिथे कायदा थांबतो तिथे कीर्तनकार आणि कथाकार यांचं काम उरतं.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि जैन श्रावकाचाराने तो ओळखला होता. गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग केले गेले : ठरवून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटाच्या धंद्यात होणारी उद्योगी आणि बचावासाठीची विरोधी. पहिली सोडलीच पाहिजे. बाकीच्या तिन्हींत काळजी घ्यायची. आता इथलं शेत पाहा : कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी २००० साली घोषित झालं, क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर. हरणांना, रोह्यांना आणि रानडुकरांना ही हद्द ठाऊक नाही. सोयाबीन आणि तूर राखायला रात्री जागलीला जाणाऱ्या माणसाला अहिंसा शिकवायची, तर आधी त्याची ही विरोधी बाजू समजून घ्यायला हवी.

पोळ्याला खांदे मळून, झूल घालून ज्याला पुरणपोळी खाऊ घातली तो बैल थकल्यावर त्याचं काय होतं, हा त्याहून अडचणीचा प्रश्न. २०१५पासून महाराष्ट्रात गाईबरोबर वळू आणि बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. कोरडवाहू वावरावर पोट असलेल्याने म्हातारं जनावर कशाच्या जोरावर पोसायचं, याचं उत्तर बंदीने दिलेलं नाही. मग ते विकलं जातं, आणि पुढे काय झालं ते विचारलं जात नाही. शहरातला माणूसही यातून सुटत नाही. म्हशीला नर रेडकू झालं तर त्याचं काय होतं, हे दुधाच्या पिशवीवर छापलेलं नसतं. यशोधराकडे संकल्प होता, प्राणी नव्हता. आपल्याकडे प्राणी आहे, मरणही आहे; संकल्प तेवढा कुणाच्याच नावावर नाही. ही उलटी बाजू पुष्पदंताला कल्पिता आली नसती, पण त्याने वापरलेली कसोटी इथेही चालते : फळ कोणाला हवं आहे?

गोष्टीचे दोष झाकलेले नाहीत. अमृतमतीच्या वाट्याला या कथेत फक्त वासना आणि विष येतं. तिची बाजू कुणी कवी ऐकत नाही. ती आम्ही नव्याने रचलेली नाही, पण तिच्यावरची शिव्याशापांची कडवी संक्षेपाने घेतली आहेत. पुष्पदंताच्या मूळ काव्यात १३०८ साली गंधर्व नावाच्या कवीने भैरवानंदाचं आगमन, यशोधराचा विवाह आणि काही पूर्वजन्म यांचे भाग घातले. ते गोष्टीत मुरले आहेत, म्हणून ठेवले. सोमदेवाचे तत्त्वचर्चेचे लांब भाग वगळले. फक्त कोंबड्यापुढचा संकल्प त्याच्याकडून घेतला आहे, कारण त्याच्याइतकं नेमकं ते कुणी मांडलेलं नाही.

वाचकाला एकच विनंती. कोण कोणत्या जन्मी कोण झालं, याचा हिशेब मध्येच हुकला तर मागची पानं चाळू नयेत. तो हिशेब कवींतही एकसारखा नाही. आईच्या हट्टापुढे यशोधर नाही म्हणतो आणि पिठाला हो म्हणतो, त्या संवादावर मात्र थांबावं. दोघांचंही बोलणं पटण्यासारखं आहे, दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे, आणि तडजोड करताना दोघांनाही आपण काही चुकतो आहोत असं वाटत नाही. आपल्या घरातल्या तडजोडी बहुतेक अशाच होतात. त्यातली एखादी आठवली, तर पुढचे सगळे जन्म वाचायला ती पुरेशी आहे.